लक्ष्य आणि लक्षण : संगीतशास्त्रातील संशोधनासंबंधी काही विचार

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मात्र विषयाचे नाव ऐकून त्यांच्यापैकी एकदोघांच्या कपाळावर आठ्या पडल्या, हेही मला येथे नमूद केले पाहिजे. 'संगीतशास्त्रातील संशोधन' हे शब्द ऐकले की सामान्य गृहस्थाच्या मनात सहज प्रश्न उभा राहतो, की गाणे हे ऐकून आनंद मानण्याची वस्तू. तिचे संशोधन ते कसले करावयाचे? मोगऱ्याच्या पाकळ्या मोजून का कोणाला सुगंध अधिक मिळाला आहे?

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर देणे हेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. आपल्या ज्ञातीच्या शिक्षणनिधीतून वैद्यक, स्थापत्य, वाणिज्य, कायदा अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना साह्य मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु कोणी मुलगा अथवा मुलगी संगीतशास्त्राचा अभ्यास करू म्हणेल, तर 'हा छंद आहे, विद्या नव्हे' असे म्हणून आपण तो अर्ज बाजूला ठेवतो. ही समजूत बरोबर आहे की नाही, याचा निर्णय आपण माझे म्हणणे ऐकल्यावर करावा.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करतो. आपल्या संगीतग्रंथांत 'लक्ष्य' आणि 'लक्षण' असे दोन शब्द वारंवार येतात. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्षात जे गाइले-वाजविले जाते ते. लक्षण म्हणजे त्याचे शब्दांत बांधलेले वर्णन, त्याचा नियम. भाषा आणि व्याकरण यांचे जे नाते, तेच या दोहोंचे. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण छापून निघाले ते १८३६ साली. म्हणजे व्याकरण लिहून मग कोणी मराठी बोलू लागले नाही. लोक बोलत होते, संत आणि पंडित लिहीत होते; व्याकरणकाराने त्यांचे बोलणे नीट कान देऊन ऐकले आणि त्यांतील व्यवस्था शोधून काढली. संगीतशास्त्राच्या संशोधकाचे काम तंतोतंत हेच आहे. गवयाच्या गळ्यात जी व्यवस्था नांदत असते, ती त्याला स्वतःलाही पुष्कळदा सांगता येत नाही. ती ओळखणे, मांडणे, आणि मांडलेले खरे की खोटे हे पुन्हा गळ्याशी ताडून पाहणे, याचे नाव संशोधन.

हे काम आपल्याकडे नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात एक प्रयोग सांगितला आहे. आजच्या प्रयोगशाळेतही शोभेल अशी त्याची रचना आहे. सारख्या मापाच्या दोन वीणा घ्याव्यात आणि त्या एकाच स्वरसप्तकात जुळवाव्यात. एक वीणा अचल ठेवावी. दुसरी हळूहळू उतरवीत जावी. दुसऱ्या वीणेचा पंचम अगदी थोडा, म्हणजे एक श्रुती इतका उतरवावा आणि मग तिच्या उरलेल्या ताराही त्याच मानाने खाली आणाव्यात. ही पहिली सारणा. अशा चार सारणा करावयाच्या. दुसऱ्या सारणेच्या शेवटी उतरविलेल्या वीणेचे गांधार आणि निषाद हे अचल वीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळून जातात. तिसरीच्या शेवटी ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांत मिळतात. चौथीच्या शेवटी षड्ज, मध्यम आणि पंचम हे अनुक्रमे निषाद, गांधार आणि मध्यमांत लीन होतात. याचा अर्थ असा, की दोन स्वर आपल्या खालच्या स्वरापासून दोन-दोन श्रुतींवर, दोन स्वर तीन-तीन श्रुतींवर आणि तीन स्वर चार-चार श्रुतींवर आहेत. बेरीज करा : चार, सहा आणि बारा, एकूण बावीस. आपण ज्या 'बावीस श्रुती' ऐकत आलो, त्यांचा हा उगम आहे. ही संख्या कोणाला स्वप्नात दिसलेली नव्हे. दोन वाद्ये शेजारी ठेवून, कानाने पारखून ती मिळविली आहे. ग्रंथकाराने निष्कर्ष सांगितला आणि तो पडताळण्याची रीतही सांगितली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यानंतरचा थोर ग्रंथ आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर निर्माण झाला, याचा आपणांस अभिमान वाटावा. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे सात अध्याय आहेत. बावीस श्रुती दाखविण्यासाठी त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांची योजना सांगितली. उत्तर आणि दक्षिण या दोन्ही परंपरांनी ज्याला आधारग्रंथ मानले, असा हा ग्रंथ. तो देवगिरीस लिहिला गेला आणि त्याचा कर्ता काश्मिरी कुळातला होता. विद्येला प्रांत नसतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

परंतु पुढे एक अडचण निर्माण झाली. गायन बदलत गेले आणि ग्रंथ मात्र होते तेथेच राहिले. नंतरच्या पंडितांनी जुनीच वचने पुनःपुन्हा उतरवून काढली. गवई ग्रंथ वाचीनात आणि पंडित गाणे ऐकेनात. अपवाद होते. सतराव्या शतकातील अहोबलाने 'संगीतपारिजात' ग्रंथात तारेच्या लांबीवरून स्वरांची स्थाने सांगितली. तार छत्तीस इंच धरली, तर अठरा इंचांवर वरचा षड्ज, चोवीस इंचांवर पंचम, सत्तावीस इंचांवर मध्यम. त्याचा शुद्ध गांधार येतो तीस इंचांवर, म्हणजे आज आपण ज्याला कोमल गांधार म्हणतो त्या जागी. यावरून उघड होते, की तेव्हाचे 'शुद्ध' सप्तक आजच्या काफीसारखे होते, आणि आज आपण बिलावलाच्या सप्तकाला शुद्ध म्हणतो. हा बदल पाटण्याच्या मुहम्मद रझा यांनी १८१३ साली 'नग्माते आसफी' या फारसी ग्रंथात ओळखून नोंदविला. संस्कृताबरोबर फारसीचाही अभ्यास का हवा, हे यावरून ध्यानात यावे.

लक्ष्य आणि लक्षण यांची ही ताटातूट दूर करण्याचा सर्वांत मोठा उद्योग ज्यांनी केला, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६०, मुंबईस वाळकेश्वरी, व्यवसायाने वकील. संगीत हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. पुढे कलकत्ता, हैदराबाद, अलाहाबाद, काशी अशी भ्रमंती केली. जेथे जुनी पोथी असल्याचे कळे तेथे जावे, तिची नक्कल करून घ्यावी; जेथे जाणता गवई असेल तेथे नम्रपणे बसून त्याची चीज लिहून घ्यावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. जयपूरच्या मनरंग परंपरेतील खांसाहेबांकडून, तसेच रामपूर दरबारातून त्यांनी मोठे भांडार मिळविले. रामपूरच्या नवाबसाहेबांना त्यांनी गुरुस्थानी मानले होते. मिळविलेली विद्या त्यांनी कुलूपबंद ठेवली नाही. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास चिजा स्वरलिपीसह छापून त्यांनी घराघरांत पोहोचविल्या, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा विवेचनात्मक ग्रंथ चार भागांत मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. मराठी वाचकाला हा वारसा मूळ भाषेत लाभला आहे. त्याचा लाभ घेणारे किती, हा प्रश्न वेगळा.

त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नाव लक्षात घ्यावे : 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. लक्ष्य हा शब्द त्यांनी मुद्दाम नावातच गोवला. जे आज गाइले जाते त्याचे हे शास्त्र, अशी ती प्रतिज्ञा होती. दक्षिणेत व्यंकटमखीने सतराव्या शतकात बहात्तर मेलांची योजना केली होती. तिच्या अभ्यासातून भातखंड्यांनी उत्तरेच्या रागांसाठी दहा थाट निवडले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट. आज परीक्षेला बसणारे आपले प्रत्येक मूल ते पाठ म्हणून दाखविते.

येथेच मला शिक्षकाच्या नात्याने थोडे थांबावेसे वाटते. भातखंड्यांनी थाट मांडले ते विस्कळीत सामग्रीची सोय लावण्यासाठी, कपाटाला कप्पे करावेत तसे. आपण मात्र कप्प्यांनाच वस्तू समजू लागलो. भूप आणि देशकार या दोन रागांचे उदाहरण घ्या. दोहोंचे स्वर तेच : सा, रे, ग, प, ध. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात घातला जातो. आता कल्याण आणि बिलावल यांतील भेद आहे तो मध्यमाचा. एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत तर मध्यम वर्ज्य! मग थाट ठरविला कशावरून? स्वरांच्या यादीवरून तो ठरणे शक्यच नाही. तो ठरला रागाच्या चालीवरून, भूपात गांधाराला आणि देशकारात धैवताला जे महत्त्व मिळते त्यावरून, कोणत्या स्वरावर थांबावयाचे आणि कोणता स्वर ओझरता घ्यावयाचा यावरून. पाच स्वर तेच असून सायंकाळचा भूप आणि सकाळचा देशकार ही दोन निराळी व्यक्तिमत्त्वे कशी उभी राहतात, या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर विद्यार्थ्याला रागविश्लेषण म्हणजे काय ते कळते. उलट अहीर भैरव, मधुवंती, चारुकेशी यांसारख्या रागांचे स्वर दहांपैकी कोणत्याही थाटात नीट बसत नाहीत. यावरून भातखंडे चुकले असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल, आणि थाट हे त्रिकालाबाधित सत्य आहे असे म्हणणे अडाणीपणाचे. त्यांनी स्वतः ग्रंथांना जो प्रश्न विचारला, की 'हे आज गातात का?', तोच प्रश्न त्यांच्या ग्रंथालाही विचारणे, हाच त्यांचा खरा सन्मान होय.

त्यांच्याच काळात आपल्या दक्षिण महाराष्ट्रात दुसरा एक उद्योग चालू होता. कृष्णाजी बल्लाळ देवल या डेप्युटी कलेक्टराच्या हुद्द्यावर काम केलेल्या गृहस्थांनी बावीस श्रुतींची नेमकी मापे काढण्याचा ध्यास घेतला. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनी गाऊन स्वर दाखवावा आणि देवलांनी तो तारेच्या साधनावर मोजावा, असे प्रयोग झाले. १९१० साली देवलांनी इंग्रजीत आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स नावाचे इंग्रज गृहस्थ त्यांना येऊन मिळाले आणि बावीस श्रुतींची खास पेटीही तयार करविण्यात आली. एक कलेक्टर कचेरीतला अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक खांदानी गवई, असे तिघे एका स्वराच्या शोधात एकत्र यावेत, हे चित्रच मोठे हृद्य आहे. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या श्रुतींच्या प्रश्नावर जोराचा वाद झाला.

वाद कशाबद्दल, ते एका उदाहरणाने सांगतो. षड्जाची सेकंदाला २४० आंदोलने धरा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, त्याच्या हिशेबाने गांधार ३०० आंदोलनांचा. पंचमामागून पंचम घेत गेलो, तर मिळणारा गांधार ३०३ पूर्णांक तीन चतुर्थांश आंदोलनांचा. आणि बाजारी पेटीचा गांधार सुमारे ३०२ पूर्णांक चार दशांश आंदोलनांचा. फरक दोन-तीन आंदोलनांचा, परंतु तंबोऱ्याशी पेटी लावून बसणाऱ्याच्या कानाला तो बोचतो. याच कारणाने पेटीवर टीका होत राहिली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी पुढे कित्येक वर्षे टिकली. देवल-क्लेमेंट्स यांचे म्हणणे असे, की आपल्या गवयांचे स्वर ठराविक बावीस स्थानांवर असतात आणि ती अपूर्णांकांनी नक्की सांगता येतात. भातखंड्यांनी आपली पद्धती बारा स्वरांवर उभी केली आणि सूक्ष्म श्रुतिभेदांवर रागांचे वर्गीकरण उभारण्याचे टाळले.

या वादाचा निवाडा त्या पिढीच्या हातात नव्हता, कारण गवयाचा गळा मोजण्याचे भरवशाचे साधन नव्हते. ते साधन पुढे आले. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि त्यांचे सहकारी स्टोन यांनी हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजून लंडनच्या एका विद्वत्पत्रिकेत निबंध लिहिला. १९८२ साली मार्क लेव्ही यांचा याच विषयावरील ग्रंथ आला. निष्कर्ष असा निघाला, की एका कलावंताचा गांधार दुसऱ्याच्या गांधाराशी तंतोतंत जुळत नाही; इतकेच काय, एकाच कलावंताच्या एकाच गायनातही तो थोडा मागेपुढे सरकतो. बावीस खुंट्या ठोकून स्वर त्यांना बांधले आहेत, असे काही आढळले नाही. दरबारी कान्हड्याचा गांधार ज्यांनी जाणत्या गवयाकडून ऐकला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. तो गांधार एका जागी उभाच राहत नाही; तो आंदोलत असतो, आणि ते आंदोलन हेच त्याचे रूप आहे.

मग भरत खोटा ठरला काय? मुळीच नाही. भरताने त्याच्या काळच्या वीणेची जुळणी पारखून तिचे लक्षण सांगितले. दोन हजार वर्षांच्या आसपासचे ते वचन आजच्या ख्यालाच्या गळ्यावर आपण लादू पाहिले, हा दोष आपला. आणि देवलांचे श्रम वाया गेले काय? तेही नाही. त्यांनी प्रश्न मोजण्याजोग्या भाषेत विचारला, म्हणूनच पुढे त्याचे उत्तर मिळू शकले. ज्याचे उत्तर पुढची पिढी तपासू शकते असा प्रश्न मागे ठेवणे, हीच संशोधकाची खरी इस्टेट होय.

गळ्याप्रमाणे वाद्यांचेही संशोधन झाले आहे. नोबेल पारितोषिकाने सन्मानित सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला, मृदंग आणि तंबोरा यांच्यावर काम केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साधे ताणलेले कातडे वाजविले, तर त्यातून निघणारे निरनिराळे नाद परस्परांशी मेळ राखीत नाहीत. म्हणून नुसत्या ढोलाला सूर असा नसतो. आपल्या तबल्याला मात्र सूर असतो, तो का? १९२० साली शिवकाली कुमार यांच्या सहकार्याने आणि पुन्हा १९३४ साली रामन यांनी दाखवून दिले, की मध्यभागी थर देत चढविलेल्या शाईमुळे हे नाद एक, दोन, तीन, चार, पाच अशा पूर्णांकांच्या प्रमाणात येतात, म्हणजेच सुरेल होतात. तंबोऱ्याविषयीही असेच. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचे स्थिर बिंदू येतात, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा पाश्चात्त्य विज्ञानाचा मान्य सिद्धांत होता. १९२१ साली रामन यांनी सांगितले, की आपल्या रुंद घोडीच्या वाद्यांत हा नियम चालत नाही. तार घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागाला घासून कंप पावते, आणि तंबोऱ्यात मध्ये सुताचा धागा सरकवून आपण जवारी खुलवितो, त्यामुळे ते उपस्वरही भरभरून उमटतात. मिरजेचे कारागीर ही जवारी पिढ्यान्‌पिढ्या कानाने लावीत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. कारागिराला उत्तर हातात ठाऊक होते. शास्त्रज्ञाने त्या उत्तरामागचा प्रश्न शोधला. दोघांपैकी एकालाही कमी लेखता येणार नाही.

आज तर स्वरांचा आलेख काढणारी यंत्रे आणि संगणक यांमुळे हे काम फार सुकर झाले आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द राग गाईड' या ग्रंथात चौऱ्याहत्तर रागांची लक्षणे, गाइलेल्या-वाजविलेल्या ध्वनिमुद्रणांसह, एकत्र दिली आहेत. लक्षणाशेजारीच लक्ष्य ठेवण्याची ही रीत भरताच्या दोन वीणांचीच वारस आहे, असे मी समजतो. मात्र यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. गवयाचा स्वर किती आंदोलनांचा होता ते यंत्र सांगेल. त्या स्वरावर बैठकीतून 'वाहवा' का उठली, ते सांगणार नाही. ते सांगण्यास शिकविलेला कान लागतो. म्हणून या विषयाच्या विद्यार्थ्याला संस्कृत हवे, गणित हवे, पदार्थविज्ञान हवे, इतिहासाची दृष्टी हवी आणि या सर्वांवर कान हवा. ज्या अभ्यासाला एवढी सामग्री लागते त्याला आपण 'छंद' म्हणावे काय?

आता थोडे आपल्या घरचे बोलतो. हे ज्ञातीचे व्यासपीठ आहे, म्हणून स्पष्ट बोलण्यास हरकत नसावी. संगीताच्या बाबतीत कोणत्याही एका जातीने अथवा पंथाने मक्तेदारी सांगावी, अशी सोय इतिहासाने ठेवलेली नाही. ग्रंथ लिहिले बहुधा ब्राह्मण पंडितांनी. गायकी टिकविली फार मोठ्या अंशी मुसलमान उस्तादांच्या घराण्यांनी. कलावंत स्त्रियांनी ती जिवापाड सांभाळली आणि मोबदल्यात समाजाची उपेक्षा सोसली. वाद्ये घडविली कारागिरांनी. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रथम ध्वनिमुद्रणे झाली, त्यांतील अग्रगण्य नाव गौहर जान या गायिकेचे आहे. विद्या छापली जाऊ लागली तेव्हा काही उस्तादांना वाटले, की आपल्या पोटावर पाय आला. त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ज्याची पिढीजात ठेव आपण वहीत उतरवून घेतो, त्याचे नाव त्या वहीत आदराने लिहिणे हे किमान कर्तव्य आहे. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी. जी चीज घराबाहेर जाऊ दिली नाही, ती पुष्कळदा त्या घराबरोबरच संपली.

तात्पर्य, माझ्या आपणांस तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती कार्यकारी मंडळास. शिक्षणनिधीच्या नियमांत 'संगीतशास्त्र व तत्संबंधी संशोधन' हे शब्द घालावेत. गुणवत्तेची कसोटी इतर शाखांइतकीच कडक ठेवावी. सवलत नको, प्रवेश हवा. आणि या साह्यात मुलगा-मुलगी असा भेद नसावा.

दुसरी विनंती घराघरांतील वडीलधाऱ्यांस. आपल्या माळ्यांवर जुन्या वह्या आहेत. कोणाच्या आजीने उतरवून घेतलेली पदे, कोणाच्या चुलत्यांनी बुवांकडून घेतलेल्या चिजा, कीर्तनाच्या चाली, लग्नातील ओव्या, जुन्या तबकड्या, फिती. दिवाळीच्या आवरसावरीत त्या रद्दीत जातात. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्या एकदा पाहाव्यात आणि प्रत्येकीवर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : ही कोणाची, कोणाकडून मिळाली, कोणत्या साली आणि कोणत्या गावी. या चार ओळींवाचून उत्तम वस्तूही संशोधकाला मुकी असते. त्या असल्या की साधी वहीही बोलू लागते. घरात कोणी वृद्ध अद्याप गुणगुणत असतील, तर त्यांचे गुणगुणणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. भातखंड्यांना ज्यासाठी महिनेच्या महिने प्रवास करावा लागला, ते आपणांस ओसरीवर बसून करता येईल. मात्र ते आज करावयास हवे, कारण माणसे थांबत नाहीत.

तिसरी विनंती मातापित्यांस. मुलाला 'रागाची माहिती' पाठ करण्यास लावण्यापूर्वी तो राग दोनचार जाणत्या कलावंतांकडून ऐकवावा. आरोह, अवरोह, वादी, संवादी हे त्याला नंतर विचारावे आणि विचारताना म्हणावे, 'पुस्तकात असे लिहिले आहे. तू ऐकलेस त्यात तसे होते का?' मुलाने 'नाही' असे उत्तर दिले, तर रागावू नये. कदाचित त्याचे ऐकणे कच्चे असेल, कदाचित पुस्तक जुने झाले असेल. कोणते खरे, ते शोधण्यासाठी पुन्हा ऐकावयास बसावे. त्या पुन्हा ऐकावयास बसण्यातच सर्व शास्त्राचा आरंभ आहे.

मोगऱ्याच्या पाकळ्या मोजून सुगंध वाढत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु माती कोणती, पाणी किती आणि छाटणी केव्हा, हे ज्याने पाहून ठेवले, त्याच्याच अंगणात पुढल्या वर्षी मोगरा फुलतो. आपल्या ज्ञातीच्या अंगणात असे पाहून ठेवणारी दोनचार मुले-मुली निपजावीत, एवढीच इच्छा व्यक्त करतो.